श्रीलंकेची दालचिनी, मिरी आणि हळद: पिकवतात काय, खातात काय, विकतात कुणाला?

नारळीपोफळी
गुहागरजवळच्या आमच्या वाडीत नारळ-पोफळीच्या मधल्या जागेत 'कोकण तेज' दालचिनी लावली आहे. झाडं जोमात आहेत. पण साल काढणारा जाणकार माणूस मिळत नाही, आणि काढलेली साल बाजारात नेली की तिला तजाचा, म्हणजे दालचिनीसारख्याच दुसऱ्या झाडाच्या स्वस्त सालीचा, भाव सांगतात. म्हणून जे लोक ह्या पिकावर शतकानुशतकं जगले त्या श्रीलंकेकडे नीट बघायचं ठरवलं, आणि बरीच माहिती वाचून काढली.

हा देश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित मोठा. जगात जी अस्सल दालचिनी विकली जाते तिच्यातली ८० ते ९० टक्के एकटी श्रीलंका पुरवते. वर्षाला साधारण १७ ते १९ हजार टन निर्यात, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मेक्सिको! लागवड मुख्यतः दक्षिणेकडच्या गाल, मातारा, हंबनटोटा, कळुतारा आणि रत्नपुरा ह्या जिल्ह्यांत, तीही बहुतेक छोट्या शेतकऱ्यांची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाने 'सिलोन सिनॅमन'ला भौगोलिक मानांकन दिलं.

एवढं असून उत्पादन म्हणावं तसं वाढत नाही. माझं मत असं झालंय की त्यांची अडचण गिऱ्हाइकाची नाही, जमिनीचीही नाही. साल सोलणारे हात कमी पडताहेत. जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत. मिरी, लवंग, हळद, जे माहीत असेल ते येऊ द्या. आणि शेवटी मला हेही सांगा, की त्यांच्याकडून कोकणाने नेमकं काय घ्यावं?

खडामसाला_वाशी
चांगला विषय काढलात. आमचं वाशीच्या मसाला बाजारात वडिलांपासूनचं दुकान आहे. आपल्याकडे किराणा दुकानात 'दालचिनी' म्हणून जे मिळतं ते बहुतेक तज असतं. व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशियाहून येतं. जाड, कडक, गडद तांबूस, एकाच थराचं. सिलोनची नळी फिकट रंगाची, आत पातळ पदर एकावर एक गुंडाळलेले, बोटांनी चुरडली तरी तुटते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत तज आणि दालचिनी यांची मानकं वेगवेगळी आहेत, पण सुट्या मालाला ते कोण विचारतो? सिलोनचा दर तजाच्या तीन-चार पट असतो. बिर्याणीवाल्याला, मसाला कारखान्याला तिखट वासाचा, जोरदार माल हवा असतो, तो तजात मिळतो. त्यामुळे तुमची साल कितीही अस्सल असली तरी चुकीच्या गिऱ्हाइकापुढे ठेवली की तजाचाच भाव येणार.

गुगली
मुरलीधरनचा 'दुसरा' ओळखता ओळखता आमची पिढी म्हातारी झाली, आता लंकेची दालचिनीपण ओळखायची? :)

नारळीपोफळी
@गुगली, हा 'दुसरा' सोपा आहे हो, खलबत्त्यात घातला की कळतो. सिलोनची नळी दोन घावांत मोडते, तजाला बत्ता परत उसळतो.

डॉ_सुमेधा
खडामसालाकाकांच्या माहितीत एक भर. तजात कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्याच प्रमाणात असतं, सिलोन दालचिनीत ते नाममात्र असतं. कुमारिन रोज जास्त पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. तजाच्या पुडीत किलोला सुमारे ३ ग्रॅम कुमारिन धरलं, तर दोन ग्रॅम पुडीतच ती मर्यादा गाठली जाते.

मसालेभातात घातलेल्या तुकड्याने कुणाला काही होत नाही, घाबरू नका. माझी काळजी वेगळीच आहे. साखर कमी होते म्हणून रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेणारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात, आणि ती पूड जवळपास नेहमी तजाची असते. मधुमेहाची गोळी तिच्या भरवशावर बंद करू नका, हे कळकळीने सांगते.

इतिहासवेडा
हातांच्या मुद्द्यावर लिहितो. पोर्तुगीज १५०५ मध्ये लंकेत उतरले. १६३८ मध्ये कँडीच्या राजाने त्यांना हाकलण्यासाठी डचांशी करार केला, १६५६ मध्ये कोलंबो डचांकडे गेलं, आणि १७९६ मध्ये इंग्रजांकडे. मालक बदलत गेले, पण साल सोलायचं काम सलागम जातीच्या लोकांवर लादलेलंच राहिलं. ठरलेलं वजन भरून द्यावंच लागे, आणि चोरून साल काढणाऱ्याला डच अमलात देहदंडापर्यंत शिक्षा होती. सुरुवातीला सगळी साल रानातली. बागा लावायला डचांनी सुरुवात केली ती १७६०च्या दशकात, कोलंबोच्या मरदाना भागात.

ज्या कामाला एवढी शतकं जात आणि सक्ती चिकटलेली होती, त्या कामाला आजची मुलं नको म्हणत असतील तर त्यात नवल नाही. 'मजूर मिळत नाहीत' ह्या तक्रारीमागे हा सगळा इतिहास आहे.

आणखी एक. इंग्रजांनी १८३३ मध्ये मक्तेदारी सोडली, पण निर्यातीवर जबर कर ठेवला. युरोपातल्या गिऱ्हाइकाने तोवर स्वस्त तजाची सवय लावून घेतली होती. ती सवय आजही मोडलेली नाही.

कोलंबोकर_देशपांडे
मी कामानिमित्त बरीच वर्षं कोलंबोत आहे. गालजवळ करंदेनिया, एल्पिटियाकडे सोलणी पाहिली आहे. सकाळी फांद्या तोडून आणतात, साधारण दोन वर्षांच्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या. वरची खरबरीत साल खरवडून काढतात, मग पितळी दांडीने फांदी घासतात म्हणजे आतली साल सैल होते. वाकड्या टोकाच्या सुरीने दोन उभे छेद देऊन ती अलगद सोडवतात. एका सालीत दुसरी सरकवत ४२ इंचांची नळी जुळवतात, पोकळीत बारीक तुकडे भरतात आणि सावलीत दोऱ्यांवर वाळवतात. सगळ्यात बारीक नळीला 'अल्बा' म्हणतात, ६ मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. तिथे बसलेल्या बायांचे हात बघताना कळतं की हे यंत्राने का जमत नाही.

सोलणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी मालाच्या किमतीतला निम्मा वाटा मिळतो. तरीही तरुण मुलगा रिक्षा घेतो, हॉटेलात जातो किंवा आखातात. दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायचं, पाऊस असेल तरच काम, आणि गावात मान नाही. सरकारने दालचिनीसाठी आता वेगळं खातं काढलंय, मातारा जिल्ह्यात संशोधन-प्रशिक्षण केंद्रही आहे. खुर्चीवर बसून सोलता येईल अशी बैठक, चांगल्या सुऱ्या, प्रमाणपत्र, असे प्रयत्न चालू आहेत. पण नारळीपोफळी, तुमचं निदान मला पटतं.

हिशेबनीस
मला अर्धंच पटतं. हात कमी आहेत हे खरं, पण पैसा कुठे राहतो तेही बघा. श्रीलंकेतून बहुतेक माल नळ्यांच्या गासड्या बांधून जातो. दळणं, छोट्या बरण्या भरणं, नाव लावून विकणं हे बाहेरच्या देशांत होतं, आणि खरी किंमत तिथे वाढते. सोलणाऱ्याला जास्त द्यायचं तर निर्यातदाराच्या हातात जास्त यायला हवं ना? मजुरीचा प्रश्न हा शेवटी किमतीचाच प्रश्न आहे.

टेक्साससूनबाई
@हिशेबनीस, अगदी बरोबर. ह्यूस्टनमध्ये इंडियन स्टोअरमध्ये मला तजच मिळतं. सिलोन दालचिनी हवी असली की मी मेक्सिकन दुकानात जाते. तिथे तिला 'कानेला' म्हणतात, पातळ, ठिसूळ काड्या. ती मंडळी कॉफीत, तांदळाच्या खिरीत आणि चॉकलेटच्या पेयात मुठीने घालतात. स्पॅनिश राज्यापासूनची ती चव आहे, म्हणून पेरू, कोलंबिया, इक्वेडोर हेही मोठे गिऱ्हाईक.

दळण्याच्या मुद्द्यावर: २०२३ च्या अखेरीस इथे लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत शिसं सापडलं आणि शेकडो मुलांच्या रक्तात ते गेलं. शिसं आलं होतं दालचिनीच्या पुडीतून. अमेरिकेच्या औषध-अन्न खात्याच्या तपासाप्रमाणे काड्या श्रीलंकेच्या होत्या आणि त्या स्वच्छ होत्या, भेसळ बहुधा इक्वेडोरमध्ये दळताना झाली, रंगासाठी लेड क्रोमेट हे शिसं असलेलं रंगद्रव्य मिसळून. बातम्यांमध्ये मात्र दालचिनीचंच नाव खराब झालं. आमच्या घरी तेव्हा लहान बाळ होतं, मी डबे उलटेपालटे करून बघत होते. काडी आणून घरी दळायची, हे तेव्हापासून ठरून गेलं.

मिरीवाला_सावंतवाडी
दालचिनीचं कौतुक चाललंय ते चालू द्या, पण श्रीलंकेच्या मिरीने आमचं काय केलं तेही लिहितो. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार १९९८ मध्ये झाला, २००० पासून लागू. त्यात वर्षाला २५०० टन मिरी शुल्काशिवाय येते. इतर देशांच्या मिरीवर मूळ शुल्क ७० टक्के. मग काय होणार? व्हिएतनामची स्वस्त मिरी लंकेचा कागद लावून येते अशी ओरड केरळ-कोडगूचे शेतकरी वर्षानुवर्षं करत होते. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किलोला ५०० रुपयांची किमान आयात किंमत ठरवली. तोपर्यंत भाव इतके पडले होते की आम्ही पोफळीवरच्या वेली तशाच सोडल्या, काढणीची मजुरीही सुटत नव्हती.

कोलंबोकर_देशपांडे
@मिरीवाला, तुमचा राग समजतो. पण लंकेतला शेतकरी त्यात चोर नाही. मातळे, कँडी, कुरुनेगलाकडे घराघरांत मिरीची वेल आहे, परसातली. भारताने किमान किंमत लावली तेव्हा त्याचा भाव पडला, कारण त्याचं मुख्य गिऱ्हाईक भारतच. लंकेच्या मिरीत पिपेरीन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, जास्त असतं. तिचे हलके, अर्धवट भरलेले दाणे केरळमधले अर्क काढणारे कारखाने घेतात, आणि तो अर्क जगभर जातो. म्हणजे तुमच्या आणि त्याच्या मधे कागद फिरवणारा जो आहे, त्याने दोघांनाही बुडवलं.

मिरीवाला_सावंतवाडी
हे मान्य. मूळ देशाचा दाखला तपासणं कडक हवं, एवढंच माझं म्हणणं. लंकेतल्या परसदारच्या माणसाशी माझं भांडण नाही.

खडामसाला_वाशी
लवंगेचंही तसंच. लंकेची लवंग सगळ्यात जास्त भारतातच येते. पण लवंगेचं झाड एक वर्ष भरभरून देतं आणि पुढचं वर्ष हात आखडतं, त्यामुळे आवक कधी भरमसाट, कधी शून्यावर. वेलदोडा मात्र त्यांचा घटला. नकल्स डोंगररांगेत जंगलाखाली लावायचे, तिथलं वन संरक्षित झाल्यावर लागवडीला मनाई आली.

अन्नपूर्णा_पार्ले
खातात काय, ह्यावर कुणीच लिहीना म्हणून मी लिहिते. माझी शेजारीण सिंहली आहे, तिच्याकडून शिकले. त्यांचे दोन मसाले असतात. एक कच्चा, भाज्यांसाठी. दुसरा भाजलेला, मटण-मासळीसाठी. धणे, जिरं, बडीशेप, मेथी, लवंग, वेलदोडा, दालचिनी, कढीपत्ता, रंपे म्हणजे पंडनचं सुवासिक पान, आणि मूठभर तांदूळ, हे सगळं जवळजवळ कॉफीच्या रंगावर भाजायचं. आपल्या काळ्या मसाल्यासारखा रंग, पण कांदा-खोबरं नाही. खोबरं रस्सा करताना दुधाच्या रूपात येतं. मासळीत आंबटपणाला गोरका घालतात, तो आपल्या कोकमाचाच भाऊबंद. मी बांगड्याला गोरका संपल्यावर सोलं घातली, शेजारणीने दुसऱ्यांदा भात घेतला!

लाल मिरची मात्र त्यांची बहुतेक सगळी बाहेरून येते, मुख्यतः भारतातून. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं.

गुगली
अन्नपूर्णाताई, तुमची शेजारीण दुसऱ्यांदा भात घेते, आम्हाला पहिल्यांदा तरी बोलवा.

वसमतचा_हळदवाला
हळदीचं काय ते सांगा कुणीतरी. २०२०-२१ मध्ये आमच्याकडे मोंढ्यात चर्चा होती की लंकेत हळद सोन्याच्या भावाने जाते.

कोलंबोकर_देशपांडे
@वसमतचा_हळदवाला, खरी गोष्ट आहे. परकीय चलन वाचवायचं आणि देशात हळद पिकवायची म्हणून सरकारने हळदीची आयात बंद केली. तोवर गरजेतली बहुतेक हळद भारतातून यायची. त्यात कोविड आला, घरोघरी हळदीचं पाणी शिंपडायला आणि प्यायला सुरुवात झाली. किलोचा भाव काही शेकड्यांवरून हजारांवर गेला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पंचवीस-पन्नास ग्रॅमच्या पुड्या काउंटरच्या मागे ठेवायला लागले. पुडीत तांदळाचं पीठ आणि रंग. रामेश्वरम, मंडपमकडून होड्यांतून हळदीची पोती रात्री यायची. दोन्हीकडचं नौदल आणि तटरक्षक दल हळद पकडत होतं. बंदरात अडकलेल्या हळदीचे कंटेनर परत पाठवले गेले.

मग एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी आली, नोव्हेंबरपर्यंत मागे घ्यावी लागली. भात आणि चहाचं त्यात अतोनात नुकसान झालं. २०२२ मध्ये लंकेचा रुपया डॉलरला दोनशेच्या आसपास होता तो साडेतीनशेच्या पुढे घसरला. दालचिनी निर्यातदाराला डॉलर मिळतात म्हणून तो तरला, पण डिझेल नसल्याने गावातून माल हलत नव्हता.

वसमतचा_हळदवाला
मी इथे वेगळं बोलणार. बंदीने लंकेतल्या शेतकऱ्याला भाव मिळाला ना? आपल्याकडे डाळीची आयात खुली केली की आपण ओरडतो. मग त्यांनी आपल्या शेतकऱ्यासाठी केलं तर वाईट कसं?

हिशेबनीस
कारण हळदीला बेणं, म्हणजे लावायचे कंद, लागतं आणि नऊ महिने लागतात. बंदी आजपासून आणि पीक पुढच्या वर्षी, मधल्या काळात खाणाऱ्याने काय करायचं? टप्प्याटप्प्याने शुल्क वाढवलं असतं, बेणं आधी वाटलं असतं, तर शेतकरीही उभा राहिला असता. तिथे बेण्यालाच सोन्याचा भाव आला.

वसमतचा_हळदवाला
बेण्याचा मुद्दा बिनतोड आहे. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं, ते एका रात्रीत उभं राहत नाही. मानलं.

दापोलीची_कृषीकन्या
आता मूळ प्रश्नावर येऊ या, नाहीतर नारळीपोफळीदादांची झाडं तशीच राहायची. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले आहे. 'कोकण तेज' ही विद्यापीठाचीच जात, आणि ती अस्सल दालचिनीच आहे, तज नव्हे. नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी एकत्र लावायची 'लाखी बाग' ही कल्पना रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची. तेव्हा झाड आणि जागा ह्यात आपण कमी नाही.

आपण कमी पडतो ते छाटणीत. लंकेत झाड उंच वाढूच देत नाहीत. जमिनीलगत कापतात, मग बुंध्यातून सरळ फुटवे येतात, त्यांतले मोजके ठेवतात. आपल्याकडे झाड वीस फूट जातं, फांद्या वाकड्यातिकड्या, आणि मग म्हणायचं की साल सुटत नाही. दादा, तुमची झाडं किती उंच आहेत?

नारळीपोफळी
माडाच्या निम्म्याला तरी आली असतील. एकदाही बुंध्याशी कापली नाहीत, जीव होत नव्हता.

दापोलीची_कृषीकन्या
मग मन घट्ट करा. सगळी एकदम नको, एक ओळ घ्या. पावसाचा जोर ओसरला की फांदीची तयारी बघा. कोवळी लाल पालवी हिरवी झालेली असते, आणि सुरीचं टोक घातलं की साल आपसूक सुटते. उन्हाळ्यात ती लाकडाला चिकटून बसते, तेव्हा हात लावू नका. वाळवण सावलीतच. पानंही फेकू नका, तमालपत्रासारखी वापरली जातात, आणि पानांच्या तेलाला बाजार आहे, त्यात लवंगेसारखं युजेनॉल असतं.

सोलणीसाठी बाहेरून माणूस शोधण्यापेक्षा गावातल्या बचत गटाच्या चार बायकांना शिकवा. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात ह्या कामाला अगदी योग्य आहेत. आणि इतिहासवेडा म्हणतात ते विसरू नका. रोजावर ठेवलंत तर त्या काजूच्या कारखान्यात परत जातील. वाटा द्या, निम्मा नाही तरी ठोस.

हिशेबनीस
आणि नळ्या विकायचा नाद सुरुवातीला नको. ४२ इंचांची अल्बा लंकेलाच जमते. आपण छोट्या काड्या करून, जातीचं आणि गावाचं नाव लावून थेट घरगुती गिऱ्हाइकाला द्यावं. डॉ. सुमेधांनी सांगितलेला फरक पाकिटावर छापला तर पुण्या-मुंबईत माल उरणार नाही.

डॉ_सुमेधा
फरक छापा, पण 'मधुमेहावर गुणकारी' असं काही छापू नका, हात जोडते.

नारळीपोफळी
नाही छापणार. सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्यानंतर विहिरीकडची ओळ कापतो. वाडीतल्या दोघीतिघींशी बोलणं झालं, वाट्याचं ऐकून तयार आहेत. खडामसालाकाका, पहिला माल निघाला की वाशीला घेऊन येऊ का?

खडामसाला_वाशी
या की. येताना बारीक काड्या वेगळ्या, जाड वेगळ्या आणि चुरा वेगळा बांधा, सगळं एका पोत्यात आणलंत तर भाव चुऱ्याचा लागतो. गंधकाची धुरी देऊ नका, रंग उजळतो पण चांगलं गिऱ्हाईक परत करतं. आणि ओलावा नीट जाऊ द्या, बुरशीचा डाग दिसला तर मी स्वतःच घेणार नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी आलात तर निवांत बसून बघू.